वाळूच्या बाजूची नोंद

४ ऑक्टोबर

अहवाल गेला. बहात्तर पानं. पाठवण्याआधी मी तो तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचायला घेतला तेव्हा मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुखांनी, हातातून काढून घेतला. "अगं, मुलगी सासरी पाठवतेयस का? दे इकडे." केंद्रातले सगळे हसले. मीही हसले. लिफाफा बंद झाल्यावर आठवलं, पान ३१ वर एक स्वल्पविराम दोनदा पडलाय.

घरी आईने विचारलं, एवढ्या पानांत लिहिलंस तरी काय? मला दोन वाक्यांत सांगता येईना. आपल्याच कामाची सोपी गोष्ट सांगता येत नसेल तर ते आपल्याला कळलंय का? म्हणून इथे लिहून बघते.

खाडीच्या तोंडाला दोन बाजू आहेत. एकीकडे खडक, दुसरीकडे वाळू. भरती संपून पाणी वळलं की तिथे मांटा नावाचे चपटे, पंखवाले मासे येतात. बाबा त्यांना मोठी पाकट म्हणतात. पंख पसरले तर आमच्या स्वयंपाकघरात मावणार नाही एवढं धूड, पण खातं काय, तर पाण्यात तरंगणारं बारीक प्लवक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या गुंडाळ्या असतात. खायचं असलं की त्या उलगडतात आणि पाणी तोंडाकडे लोटतात. नुसतं कुठे जायचं असलं की गुंडाळलेल्या राहतात. मांटा जाळ्यात अडकली तर मरते, कारण तिचं पोहणं थांबलं की श्वास थांबतो. पिल्लू दोन-तीन वर्षांतून एक. म्हणजे एक मेली तर तिची जागा भरायला कोणी नाही. निदान ती जिथे जेवते तेवढी जागा जाळ्यांपासून मोकळी ठेवावी, असा अहवाल. आणि ती जागा म्हणजे खडकाची बाजू. वाळूच्या बाजूने ती फक्त जाते-येते, तिथे जाळी टाकायला हरकत नाही.

आई म्हणाली, "म्हणजे यांचं जाळं राहिलं?"

बाबा वाळूच्या बाजूलाच जाळं टाकतात. म्हटलं, राहिलं.

"मग एवढं एका ओळीत होतं की. बहात्तर पानं कशाला नासलीस?"

अहवालावर सरकारी सुनावणी २३ तारखेला आहे.

७ ऑक्टोबर

आज इंजिन बंद पडलं.

आमची बारीक जाळीची लांब पिशवी असते, तिला सगळे गाळणी म्हणतात. बोटीमागे पाण्याच्या वरच्या थरातून ती ओढायची, टोकाच्या बाटलीत जे जमेल ते मोजायचं. मांटासाठी किती अन्न आहे ते त्यावरून कळतं. वाळूच्या बाजूला दहा मिनिटं ओढली, बाटलीत नेहमीसारखं जवळजवळ स्वच्छ पाणी. दुसऱ्यांदा सोडली आणि इंजिनाने मान टाकली. बोट थांबली तशी गाळणी खाली गेली. आमचा पाणबुड्या, ज्याला सगळे बदक म्हणतात, इंजिनाला शिव्या घालत होता. मग ते घरघरलं, बोट हळूहळू पुढे सरकली आणि गाळणी दोन-तीन मिनिटं तळाजवळून ओढली गेली.

वर काढली तेव्हा बाटली गुलाबी होती. नखाएवढे पारदर्शक झिंगे, इतके दाट की बाटली हलवली तर पाणी हलत नव्हतं.

बदक म्हणाला, "मास्तरीणबाई, हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "हा नमुना बाद. पद्धतीप्रमाणे घेतलेला नाही." आणि बाटलीवर 'बाद' लिहिलंही.

पण फेकली नाही.

८ ऑक्टोबर

बाद नमुना मोजला. वरच्या थरात एकेचाळीस जीव. तळच्या तेवढ्याच पाण्यात दोन हजार आठशे सत्तावन्न. तीनदा मोजले. तिसऱ्यांदा सत्तावन्नचे एकसष्ट आले, तेव्हा चौथ्यांदा मोजले. डोळे जळतायत. आकडा खरा असेल तर काय, हा विचार मी मुद्दाम उद्यावर ढकलला आहे.

१० ऑक्टोबर

सात महिन्यांच्या पाण्याखालच्या चित्रफिती पुन्हा बघायला घेतल्या. फक्त वाळूच्या बाजूच्या.

आमच्या तक्त्यात प्रत्येक मांटापुढे दोन चौकटी असतात, 'खात आहे' आणि 'जात आहे'. वाळूच्या बाजूला मी एकशे अठरा वेळा 'जात आहे' वर खूण केली आहे. तळाजवळून संथ जाणारी, ना कोलांटी मारणारी, ना एकीमागे एक रांग करणारी. खडकाशी त्या खाताना केवढा तमाशा करतात. इथे काहीच नाही, म्हणून 'जात आहे'.

आज एकशे अठरापैकी एक्क्याण्णव जणींच्या शिंगांच्या गुंडाळ्या उलगडलेल्या दिसल्या. तोंड उघडं, वाळूपासून वीतभर वर. आणि त्या कुठेही जात नाहीत. थोडं पुढे जातात, वळतात, त्याच रेषेवरून परत येतात. शेत नांगरल्यासारख्या.

गुंडाळ्या तेव्हाही उलगडलेल्याच होत्या. मग मला दिसल्या कशा नाहीत?

एक उत्तर असं की तळाशी खातात हे मला माहीत नव्हतं. दुसरं उत्तर लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. ती बाबांची जागा आहे. तिथे 'खात आहे' वर खूण करताना मी दरवेळी थोडी जास्त खात्री मागितली असेन का? आठवत नाही. आठवत नाही हे आणखी वाईट. शाळेत बाई म्हणायच्या, कॉपी करणाऱ्याला निदान आपण कॉपी केली हे माहीत असतं.

घरी आले तर बाबा ओट्यावर जाळं पसरून बसलेले. मधोमध माणूस आरपार जाईल एवढं भगदाड. उजवा खांदा चोळत होते. विचारलं तर म्हणाले, "लागलं कशाला तरी." कडा अगदी सरळ कापल्या गेल्यात, बहुतेक दुसऱ्या बोटीचा पंखा लागला. काय एकेक दिवस असतात यांचे. आणि मला जे कळलंय ते त्यांना कसं सांगू?

१२ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. फिती दाखवल्या, आकडे दाखवले, बाद बाटली दाखवली. त्यांनी सगळं नीट पाहिलं. चष्मा काढून डोळे दाबत बसल्या.

"तुझं बरोबर आहे," म्हणाल्या.

मला वाटलं, सुटले.

"आता माझं ऐक. हा अहवाल उभा राहायला सहा वर्षं गेली. मच्छीमारांची सोसायटी खडकाची बाजू सोडायला तयार झाली, कारण वाळूची बाजू त्यांना राहणार होती. त्यांच्या चेअरमनला मी स्वतः तसं बोललेय. आता आपण सुनावणीत जाऊन म्हणायचं, चुकलं, तीही बंद करा? ते उठून जातील. वाळूही जाईल आणि खडकही."

"पण त्या तिथे खातात, मॅडम."

"खातात गं. पुढच्या वर्षी दुसरा अहवाल करू. त्यात घालू."

"पुढच्या वर्षीपर्यंत जाळी..."

"मला माहीत आहे." त्यांचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "मला माहीत नाही असं वाटतं का तुला? हाताशी आलेलं घालवायचं नाही, एवढंच शिकलेय मी इतक्या वर्षांत."

त्या वाईट नाहीत. त्या दमल्या आहेत. दमलेल्या माणसाशी भांडताना आपणच क्रूर आहोत असं वाटतं.

दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "द्यायचंच असेल तर तुझ्या नावाने दे. केंद्राच्या नाही."

१४ ऑक्टोबर

बाबा आज सलग तिसऱ्या दिवशी जाळं न घेता गेले. नुसते गळ. काल दुपारभर गळाला दोऱ्या बांधत बसले होते. आई कुरकुरत होती, "या वयात बोटं सोलून घ्यायची हौस. जाळं शिवायला दोन दिवस लागतात, पण बसतील तर ना." खरं आहे. भगदाड तसंच आहे, जाळं मागच्या भिंतीला गुंडाळून ठेवलंय. मला वाटतं त्यांचा खांदा अजून दुखतोय आणि ते सांगत नाहीत. वय झालं की माणूस कामं पुढे ढकलतो.

हात धुताना अचानक म्हणाले, "तुझ्या त्या कागदात, पाकटी वाळूवर काय करतात असं लिहिलंयस?"

"जातात, असं लिहिलंय."

"हं."

त्यांना हायसं वाटलं असणार. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर "चहा ठेवू?"

१७ ऑक्टोबर

आज मुद्दाम, पद्धतशीर, गाळणीला वजन बांधून तळाजवळून ओढली. वाळूच्या बाजूला सहा ठिकाणी. सहाच्या सहा बाटल्या गुलाबी. बदक खाली उतरला आणि पाऊण तासाने वर आला तो बडबडतच.

"चार आहेत. वाळू हुंगत फिरतायत म्हशींसारख्या. मी बाजूला, तर माझ्याकडे ढुंकून नाही. जेवताना माणसं अशीच असतात म्हणा."

"गुंडाळ्या उलगडलेल्या?"

"हो गं बाई, चौघींच्याही. शपथेवर लिहून देऊ का?"

"द्याल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसणं थांबलं. "तू खरंच देणार आहेस तर."

एकीच्या पंखावर ताजा वळ होता आणि निळ्या दोरीचा तुकडा अडकलेला. दोरीचं टोक सुरीने कापलेलं, असं तो म्हणाला. म्हणजे कोणीतरी आपलं जाळं कापून तिला सोडलं. असंही कोणी करतं? निळी दोरी इथे सगळेच वापरतात, त्यामुळे कोण ते कळणार नाही. तक्त्यात 'इजा, ताजी' एवढंच लिहिलं.

दुरुस्तीचं पत्र लिहून झालं. एकच पान. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत आहे.

२० ऑक्टोबर

घरी सांगितलं. दुपारी, जेवणं झाल्यावर. तिथे त्या खातात, मी चुकीचं लिहिलं होतं, आता बरोबर लिहून देणार आहे, त्यामुळे वाळूची बाजू बंद होऊ शकते. हे सगळं एका दमात म्हटलं, घोकल्यासारखं.

बाबा म्हणाले, "बरं."

एवढंच. उठून आपलं ताट घासायला घेतलं. ते कधी ताट घासत नाहीत.

आईने मात्र डोक्याला हात लावला. "दहावीच्या पुढे शिकवू नका म्हणत होते सगळे. मी म्हणायचे, शिकली तर घराला आधार होईल. बघ बाई, झालाच आधार."

"आई, ते खरं आहे, म्हणून."

"खरं आहे तर असू दे ना. तू सांगितलं नाहीस म्हणून ते खोटं होणार आहे का?"

मोरीत नळ सोडून रडले. नंतर पाणी वाया गेलं म्हणूनही वाईट वाटलं.

आमच्या घरात कागद वाचू शकणारी मी पहिली. आणि आता पहिलाच कागद घरावर.

२३ ऑक्टोबर

सुनावणी. आल्यापासून नुसती पडून होते, आता बसून लिहितेय. घडलं तसं लिहिते.

मोठी खोली, पंखे होते पण चालू एकच. समोर तीन अधिकारी. मधल्यांना, म्हणजे अध्यक्षांना, सर्दी झालेली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला सोसायटीची पन्नासेक माणसं. मागच्या रांगेत बाबा, धुतलेल्या शर्टात. येणार आहेत असं म्हणाले नव्हते.

मॅडमनी अहवाल मांडला. छान मांडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या सहायिकेला स्वतःच्या नावाने काही सांगायचं आहे."

मी पत्र वाचलं. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. अध्यक्ष म्हणाले, पाणी प्या. पाणी प्यायले, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, कारण मधूनच वाचलं तर चूक माझी आहे हा भाग राहून जाईल अशी भीती वाटली. बदकाने उठून आपला जबाब दिला, चक्क टाय घालून.

मग जे व्हायचं ते झालं. चेअरमन उभे राहिले. ते बाबांचे लहानपणचे सोबती, मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. "म्हणजे आधी बोट द्या म्हणायचं, मग हात धरायचा! सात महिने ही पोर म्हणतेय तिथे जात्यात, आज म्हणतेय खात्यात. उद्या म्हणेल निजत्यात!" सगळी खोली हसली. "आणि साहेब, हिचा बाप तिथंच जाळं टाकतो. बसलाय मागं. विचारा की त्याला, पोरीचं पटतंय का!"

अध्यक्षांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "कोण ते? उभे राहा."

बाबा उभे राहिले.

"तुम्ही वाळूच्या बाजूला जाळं टाकता?"

"टाकत होतो. दोन आठवडे झाले, टाकत नाही."

"का?"

"गळावर भागतं."

चेअरमन म्हणाले, "अरे, भागतं काय भागतं? घरी चार तोंडं असती म्हणजे कळलं असतं!"

"तीन आहेत," बाबा म्हणाले. "भागतं." आणि बसले.

त्यानंतर आरडाओरड पूर्वीसारखी राहिली नाही. लोक आपापसांत बोलत होते. अध्यक्षांनी दोन दिवसांत निर्णय कळवू म्हणून सांगितलं.

परत येताना मला एकच गोष्ट टोचत होती. बाबांनी अर्धंच सांगितलं. जाळं फाटलंय, शिवायचं राहिलंय, म्हणून टाकत नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, त्यांनी आपणहून सोडलं. खोटं नाही, पण खरंही नाही. आणि ते त्यांनी माझ्यासाठी केलं. ज्या दिवशी मी अर्धं खरं दुरुस्त करायला उभी राहिले, त्याच दिवशी माझ्यासाठी कोणीतरी अर्धं खरं बोललं. अध्यक्षांना कळवायला हवं का? उद्या विचार करेन. आज डोकं चालत नाही.

२५ ऑक्टोबर

निर्णय आला. दोन्ही बाजू बंद, पाणी वळल्यापासून तीन तास, चार महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून. त्यानंतर पुन्हा मोजणी आणि पुन्हा सुनावणी. बाकीच्या वेळी जाळी चालतील. म्हणजे सगळं गेलं नाही. सगळं मिळालंही नाही.

मॅडमनी बोलावून सांगितलं, माझी नेमणूक चार महिन्यांसाठी वाढवली आहे, पुढचं माहीत नाही. मग म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला. ते उठून गेले नाहीत." अभिनंदन नाही, राग नाही. वजन बांधलेली गाळणी आता पद्धतीत घालायची आहे, त्याचे नियम मी लिहावेत. मी विचारलं, कधीपर्यंत? म्हणाल्या, "तुझ्या वेगाने नको. आठवड्यात."

भाजीच्या रांगेत आईशी दोघीजणी बोलल्या नाहीत. आईने घरी येऊन ते मला सांगितलं नाही, भेंडी चिरत बाबांना सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. बाबा म्हणाले, "बोलतील. चार दिवसांनी कंटाळतील आणि बोलतील."

अध्यक्षांना पत्र लिहिलं, बाबांच्या अर्ध्या उत्तराबद्दल. पाठवलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना न विचारता पाठवणं बरोबर नाही.

२८ ऑक्टोबर

बाबांना आज विचारलं. ते दुपारी परत आले होते, हल्ली लांब जातात आणि दमून येतात. पायरीवर बसून पायाची वाळू झटकत होते.

"बाबा, सुनावणीत तुम्ही जाळं फाटल्याचं का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं लहान मूल अवघड शब्द वाचताना आपण पाहतो तसं काहीसं.

"तुला हेच विचारायचं होतं?"

"हो. कारण लोकांचा गैरसमज..."

"सात महिने त्या पाकटींमागे फिरलीस. माझ्याच घरात राहतेस. आणि विचारायचं ते हे?"

"मग काय विचारायला हवं होतं?"

"त्या कुठं जेवतात ते."

आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात पातेलं.

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी नाही, मॅडमनी नाही. सहा वर्षांच्या कामात मच्छीमारांसाठी एक प्रश्नावली होती, त्यात जाळी किती, बोटी किती, हंगाम कुठला. तुम्हाला काय दिसतं, हा प्रश्न नव्हता. आणि मी तर त्या प्रश्नावलीचं शुद्धलेखन तपासलं होतं.

"कुठे जेवतात?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने पायरीवरच्या वाळूत खाडीचं तोंड काढलं. वाळूची बाजू, हे तुला कळलं. दुसरी जागा आतल्या वळणावर, उत्तरेचा वारा तीन दिवस राहिला की, पाणी गढूळ असलं तरी. तिथे त्या उलट्या होऊन खातात, पोट वर. मी वही आणायला धावले. वारा किती दिवस? तीन. दोन दिवस राहिला तर? तर नाही. कधीपासून बघताय? तू जन्मायच्या आधीपासून.

"आणि तिसरी, बाहेरच्या खडकापलीकडे. भरतीच्या आधी. तिथं सगळ्यात जास्त. पिल्लं घेऊन पण येतात."

माझं पेन थांबलं.

"तिथे तर हल्ली तुम्ही जाता ना, गळ टाकायला?"

"जातो की. सगळेच येतील आता हळूहळू. जाळी घेऊन."

आईने पातेलं खाली ठेवलं. "अहो," एवढंच म्हणाली.

मी वहीकडे पाहत राहिले. दोन जागा लिहिल्या होत्या, तिसऱ्याची नुसती ओळ आखली होती. "लिहू?" विचारलं. कुठेतरी वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं.

ते पायरीवरून उठले, गुडघ्याला हात लावून, सावकाश.

"मी सांगितलं म्हणून लिहू नकोस," म्हणाले. "आधी येऊन बघ."

उद्या साडेपाचला निघायचं ठरलं आहे. गाळणी, वजन, सहा बाटल्या, तक्ते दोन जास्तीचे. आई म्हणाली, आता दोन डबे करायचे म्हणजे आणखी लवकर उठणं आलं, आणि तुम्हा दोघांना त्याचं काही नाही. मग पीठ भिजवायला आत गेली.